संकेतस्थळाचा मुनीम

दिवाळी सोळा दिवसांवर आली होती. दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी साड्यांच्या घाऊक पेढीत गोदामाशी गाठी उतरत होत्या, गादीवर उधारीच्या याद्या चालल्या होत्या. दुपारी विदर्भातील एका जुन्या किरकोळ दुकानदाराचा फोन आला. "अण्णा, तुमच्या वेबसाइटवर साड्या दिसत नाहीत, भलत्याच जाहिराती दिसताहेत. पेढी विकली की काय?"

अण्णांनी हसून वेळ मारून नेली. पण संध्याकाळपर्यंत असेच आणखी चार फोन आले. तीन पिढ्यांची पेढी. एखाद्या व्यापाऱ्याचा धनादेश न वटता परत गेला, की ती वार्ता त्याच्या आधी बाजारात पोहोचते. तसेच येथे झाले. पेढीचे देणेघेणे चोख होते, माल तयार होता, आणि तरीही बाहेरगावच्या दुकानदारांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शोध घेता कळले ते असे. पाच वर्षांपूर्वी शहरातील एका होतकरू तरुणाकडून पेढीने संकेतस्थळ करून घेतले होते. त्याने सोयीसाठी पेढीच्या नावाची, म्हणजे डोमेनची, नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली आणि पाच वर्षांचे शुल्क एकदम भरून टाकले. पुढे तो नोकरीनिमित्त परराज्यात गेला, ती जुनी टपालपेटी उघडेनासा झाला. मुदत संपत आल्याची स्मरणपत्रे तेथेच पडून राहिली. त्या तरुणाच्या मनात कपट नव्हते. नाव पाच वर्षांच्या बोलीने घेतले आहे, ही एक ओळ पेढीच्या कोणत्याही वहीत नव्हती, एवढेच.

तिसऱ्या दिवशी त्याचा पत्ता लागला. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपल्यावर नोंदणीदार कंपनी साधारणपणे काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देते. त्यानंतर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात जादा रक्कम मोजावी लागते. तोही टळला तर काही दिवसांत ते नाव कोणालाही घेता येते. नाव वाचले. मात्र ज्या कंपनीच्या सर्व्हरवर मजकूर ठेवला होता, तिचे भाडेही थकले होते आणि तिने खाते पुसून टाकले होते. प्रत कोठेच नव्हती. अकराशे साड्यांची छायाचित्रे, त्यांचे क्रमांक, दर, सारे गेले. ती दिवाळी पेढीने फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर काढली.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की आज व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली 'वेब डिझायनिंग'चा अभ्यासक्रम करण्याची इच्छा बोलून दाखवतात. पालकांपुढे माहितीपत्रके येतात, त्यांवर रंगीत पडदे असतात आणि शुल्काचा आकडा असतो. अण्णांच्या पेढीत जे कोसळले ते रंगीत पडद्यावरचे नव्हते, आणि ते सांभाळण्याचे शिक्षण त्या माहितीपत्रकांत क्वचितच आढळते.

एका नावाखाली दोन व्यवसाय

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे आली. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली. त्या पहिल्या काळात संकेतस्थळ हे एकाच माणसाचे काम असे. पान लिहायचे, चित्र लावायचे, सर्व्हर सांभाळायचा, आलेल्या पत्रांना उत्तरे द्यायची, हे सगळे तोच करी. त्याला 'वेबमास्टर' म्हणत. पुढे कामाचे तुकडे झाले. मोठ्या कंपन्यांत आता पडद्याची मांडणी करणारा वेगळा, ती संकेतावलीत उतरवणारा वेगळा, मागची माहितीसाठ्याची यंत्रणा लिहिणारा वेगळा आणि सर्व्हरची राखण करणारा वेगळा.

पण गावच्या साडीच्या पेढीला, औषधांच्या वितरकाला किंवा शाळेला चार माणसे परवडत नाहीत. तेथे आजही जुन्या वेबमास्टरसारखा एकच माणूस लागतो, आणि तो मिळत नाही. कारण प्रशिक्षणवर्गांतून बाहेर पडणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्या अर्ध्या कामात तयार झालेले असतात.

रचनाकार दुकानाची दर्शनी बाजू सजवतो: कपाटे कोठे, आरसा कोठे, उजेड कसा. प्रशासक सकाळी कुलूप उघडतो, रात्री लावतो, किल्ल्यांची नोंद ठेवतो, भाड्याची तारीख चुकू देत नाही, गळती दिसली तर पावसाआधी कौले शाकारतो. गुजराती-मारवाडी पेढ्यांत ज्याला मुनीम म्हणतात आणि मराठी दुकानांत दिवाणजी, त्याचेच हे काम. मालकाचे नाव दुकानावर असते. ते टिकते मुनीमामुळे, हे जुन्या पेढ्यांना सांगावे लागत नाही.

शिकायचे कोठे?

अण्णांची नात त्या वर्षी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. संकेतस्थळ बुडाल्याच्या दिवसांत रात्री जागून नोंदणीदार कंपनीशी पत्रव्यवहार तिनेच केला. दिवाळी सरल्यावर तिने घरात विषय काढला. "अण्णा, मला हे नीट शिकायचं आहे. पुण्यात एक क्लास आहे, सहा महिन्यांचा."

शुल्क नव्वद हजार रुपये होते आणि माहितीपत्रकावर शंभर टक्के नोकरीची हमी छापली होती. अण्णा उधारी देताना माणूस पाहतात. त्यांनी एवढेच विचारले, "गेल्या वर्षी शिकून गेलेल्या तिघांची नावं ते देतील का? आणि त्या तिघांनी केलेली, आज चालू असलेली दुकानं आपल्याला बघायला मिळतील का?" नात क्लास पाहायला गेली. तेथे वीस मुले एकाच कल्पित कॉफीच्या दुकानाचे पान आपापल्या संगणकावर करीत होती. पान देखणे होते. ते प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवलेले मात्र एकानेही नव्हते. नाव घेणे, सर्व्हर भाड्याने घेणे, प्रत काढणे हे विषय 'पुढच्या' अभ्यासक्रमात होते आणि त्याचे शुल्क वेगळे होते.

सगळेच खासगी वर्ग असे असतात असे नाही. काही उत्तम आहेत. परंतु नव्वद हजार मोजण्याआधी सरकारी आणि निमसरकारी वाटा पाहाव्यात, त्या पुष्कळांना ठाऊकच नसतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आय.टी.आय.त, 'कोपा' नावाचा एक वर्षाचा व्यवसाय आहे: कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला तो घेता येतो. आय.टी.आय. म्हटले की व्यापारी घरांतून नाक मुरडले जाते. वेल्डर आणि फिटर यांच्यापलीकडे तिची ओळख नसते. कोपाच्या अभ्यासक्रमात मात्र कार्यालयीन संगणनासोबत वेबपानांची एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, ई-वाणिज्य आणि सायबर सुरक्षितता यांचा पाया असतो. वर्षभर रोज हात चालवावे लागतात, हा त्याचा खरा गुण.

दुसरी वाट 'नायलिट'ची. केंद्र सरकारच्या या संस्थेचे पूर्वीचे नाव डोएक. तिचा 'ओ लेव्हल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो आणि त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक सबंध विषय संकेतस्थळाची रचना व प्रकाशन हाच आहे. उरलेल्यांत संगणकजाळ्याची मूलतत्त्वे आणि पायथन या भाषेतील प्रोग्रॅमिंग येते. मान्यताप्राप्त संस्थेत नाव न घालता स्वतः अभ्यास करून थेट परीक्षेला बसण्याचीही मुभा आहे. बी.कॉम. करता करता ज्यांना हे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी ही सोय लाखमोलाची आहे.

ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी दहावीनंतरची तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आहे, किंवा काही महाविद्यालयांतील बी.व्होक. ही व्यावसायिक पदवी आहे. बी.व्होक.मध्ये एक वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी, असे टप्प्याटप्प्याने बाहेर पडता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'आमच्या मुलाने एम.एस.-सी.आय.टी. केले आहे, त्याला वेबसाइट जमेल,' असे पालक सहज म्हणतात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम संगणक-साक्षरतेचा आहे आणि त्या कामी त्याने गावोगावी मोठी कामगिरी केली आहे. पण बाराखडी येणे आणि दस्तऐवज लिहिता येणे यांत जे अंतर, तेच येथे आहे.

आणि एक वाट पूर्ण विनामूल्य आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प चालवला आहे. दहा-दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य धडे, ऐकता ऐकता शेजारी स्वतः करून पाहायचे. लिनक्स ही कार्यप्रणाली, पीएचपी आणि मायएसक्यूएल, ड्रुपल असे विषय त्यात आहेत आणि अनेक धड्यांचे निवेदन मराठीतही उपलब्ध आहे. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्या तालुक्याच्या मुलाला मायबोलीत सर्व्हरचा पहिला धडा मिळतो, ही साधी गोष्ट नाही.

नातीने ओ लेव्हलची थेट परीक्षा देण्याचे ठरवले. घरचा एक जुना संगणक तिने लिनक्सला वाहिला.

पैशाची बाजू

शुल्क भरण्यासाठी घरचे पैसे असले तरी कर्जाचा विचार करण्यास हरकत नाही. मुलाच्या नावावर वेळेवर फेडलेले एक छोटे कर्ज पुढे त्याच्या पतइतिहासात उपयोगी पडते. २०१५ मध्ये कौशल्य-कर्जाची योजना आली, तेव्हा तिची मर्यादा पाच हजार ते दीड लाख रुपये होती. जुलै २०२४ मध्ये सुधारित योजनेत वरची मर्यादा साडेसात लाखांवर नेण्यात आली. हमी-निधीचे पाठबळ असल्याने या कर्जाला तारण मागण्याचे कारण राहिलेले नाही. तरीही शाखेत जाताना अभ्यासक्रमाची मान्यता दाखवणारा कागद हाती असावा. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी तो जोडलेला आहे काय, किंवा स्किल इंडिया डिजिटल मंचावर त्याची नोंद आहे काय, हा पहिला प्रश्न असतो. सुबक छापलेले प्रमाणपत्र देणारे वर्ग पुष्कळ आहेत. या प्रश्नाला उत्तर देणारे त्यांहून कमी.

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाची राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचना निघाली. त्यामुळे उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांना राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची दारेही खुली आहेत. समाजात सारीच घरे पेढीवाली नाहीत. पेढीवर नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी ही माहिती अधिक मोलाची.

प्रशासन म्हणजे नेमके काय?

पेढीचे संकेतस्थळ पुन्हा उभे करताना नातीला जे शिकावे लागले, त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे.

आरंभ मालाच्या छायाचित्रांपासून झाला. गोदामातील पोराने फोनवर काढलेले प्रत्येक चित्र सुमारे पाच एमबीचे. एका पानावर चाळीस साड्या लावल्या, तर ते पान दोनशे एमबीचे होणार. खेड्यातील दुकानदार ते उघडण्याआधीच कंटाळून फोन खिशात टाकणार. तिने प्रत्येक चित्र दीडशे केबीपर्यंत उतरवले. चाळीस साड्या सहा एमबीत बसल्या आणि पदराची नक्षीही दिसत राहिली.

मग मराठी मजकूर. पेढीचे जुने दरपत्रक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले होते. छपाईला ते ठीक. पण पडद्यावर आणताच अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटली. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, नाहीतर शोधयंत्राला 'पैठणी' हा शब्द सापडणारच नाही. शिवाय देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या नमुन्यात मराठी ओळी कोंबल्या की वरचे मात्रे आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. ओळींतील अंतर वाढवावे लागते, अक्षर निवडून घ्यावे लागते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट नावाप्रमाणेच सर्वांना विनामूल्य वापरता येतो. फिकट करड्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे तरुण रचनाकारांना फार आवडतात. अण्णांना ती दिसेनात. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचे आणि पार्श्वभूमीचे तेजोगुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. नातीने मोजले आणि रंग बदलला. गिऱ्हाइकांत अण्णांच्या वयाची माणसे कमी नसतात.

एवढे झाले ते रचनेचे. त्यापुढचे काम कोणाला दिसत नाही.

संकेतस्थळाच्या पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह दिसावे म्हणून प्रमाणपत्र लागते. जुलै २०१८ पासून क्रोम या ब्राउझरने ते नसलेल्या स्थळांवर 'सुरक्षित नाही' अशी पाटी लावण्यास आरंभ केला. हे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेकडून विनामूल्य मिळते. पण त्याचीही मुदत असते आणि आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था बसवावी लागते. ती बसली आहे की नाही हे पाहणारे कोणी हवे.

संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालते, मग ती वर्डप्रेस असो वा दुसरी, तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या येतात. त्या न केल्यास मागचे दार उघडे राहते. दुरुस्ती करण्यापूर्वी प्रत काढावी लागते, कारण दुरुस्तीनेही कधी कधी दुकान कोलमडते. प्रतींबाबत जाणकारांचा एक जुना हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. बँकेची शाखा जळाली तरी खाती दुसरीकडे सुखरूप असतात, ती याच न्यायाने. नातीने यात एक भर घातली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती प्रतीवरून संपूर्ण संकेतस्थळ वेगळ्या संगणकावर उभे करून पाहते. पहिल्या महिन्यात ते उभे राहिले नाही. चित्रांची प्रत निघत होती, दरांच्या साठ्याची निघत नव्हती. संकट येण्याआधी हे कळले, हे नशीब.

पैशाचा व्यवहार आला की जबाबदारी आणखी वाढते. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. 'पुढच्या वेळी सोय होईल' म्हणून वहीत टिपून ठेवण्याची जुनी सवय येथे चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करताना नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत अपेक्षित आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ग्राहकाचे फोन क्रमांक आणि पत्ते हीसुद्धा जबाबदारीची ठेव ठरवली आहे. ही कलमे सनदी लेखापालाला वाचता येतात, पण ती पानावर उतरवणारा माणूस प्रशासकच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे शिक्षण घेतले, तर तो विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा एक पाऊल पुढेच असतो. त्याला नोंद, पडताळणी आणि ताळमेळ यांचे महत्त्व मुळापासून माहीत असते.

एवढ्यासाठी प्रशिक्षणवर्ग निवडताना शिक्षकाला थेट विचारावे: विद्यार्थी अभ्यासक्रम संपण्याआधी स्वतःच्या नावाने एक खरे संकेतस्थळ इंटरनेटवर चढवतो का? ते किमान दोन-तीन महिने चालवतो का? ते मुद्दाम पाडून पुन्हा उभे करायला तुम्ही शिकवता का? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा पाहावा.

यंत्र पाने लिहू लागल्यावर

अण्णांच्या थोरल्या मुलाने घरात एक आक्षेप घेतला, तो विचारात घेण्याजोगा आहे. "आता कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळी सांगितल्या की ती सबंध पान करून देते. मग पोरीनं वर्षभर हे कशाला शिकायचं?"

आक्षेप खोटा नाही. केवळ तयार नमुन्यात चित्रे बसवून देणाऱ्याचे काम यंत्र हिरावून घेत आहे आणि घेणार आहे. त्यामुळेच फक्त पडदे सजवायला शिकवणाऱ्या वर्गाला आज नव्वद हजार देणे हा तोट्याचा सौदा आहे. यंत्राने लिहिलेले पान बरोबर आहे काय, त्यात मागचे दार राहिले आहे काय, दर चुकीचा तर छापला नाही ना, हे ओळखायला पाया पक्का असावा लागतो. आणि दिवाळीच्या सोळा दिवस आधी स्थळ बंद पडले तर विदर्भातील दुकानदार यंत्राला फोन करीत नाही. तो पेढीला करतो. हिशेबाची प्रणाली आली म्हणून मुनीम गेला नाही. बेरजा मारणारा मुनीम गेला, ताळेबंदातील चूक ओळखणारा राहिला.

नोकरीचा विचार केला, तरी हेच दिसते. शाळा, रुग्णालये, सहकारी बँका, पतसंस्था, बाजार समित्या यांच्याकडे संकेतस्थळे आहेत आणि त्यांतील पुष्कळ ठिकाणी गेल्या वर्षीची सूचना अजून 'नवीन' म्हणून लुकलुकत असते. हे काम गावात राहून होते. घरातून होते. लग्नानंतर दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीलाही चालू ठेवता येते, हा भाग व्यापारी घरांनी विशेष लक्षात घ्यावा. सुनेच्या हाती पेढीच्या तिजोरीची किल्ली देताना जी घरे विचार करतात, त्याच घरांत आता संकेतस्थळाची किल्ली बहुधा तिच्याच हाती येणार आहे.

पेढ्यांनाही या शिक्षणात वाटा उचलता येतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे मध्यम पेढीलाही कोपा उत्तीर्ण झालेला मुलगा वा मुलगी वर्षभर शिकाऊ म्हणून ठेवता येते. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा कमाल दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. वर्गात कल्पित कॉफीचे दुकान करणाऱ्या मुलाला खऱ्या साड्यांचे, खऱ्या तक्रारींचे दुकान मिळते. पूर्वी गादीवर बसून मुले धंदा शिकत, ते याहून फार वेगळे नव्हते.

अण्णांच्या पेढीने गेल्या जूनमध्ये असा एक शिकाऊ मुलगा घेतला. त्यामागे निकड होती. नातीला पुण्यातील एका कंपनीतून बोलावणे आले होते आणि ती जाणार की राहणार हे घरात अजून ठरलेले नव्हते. पाच वर्षांपूर्वी एकाच माणसाकडे किल्ली राहिल्याने जे घडले, ते नातीच्या बाबतीतही घडू शकते, हे तिनेच अण्णांना सांगितले. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही आणि एक रजेवर गेला तरी कारभार अडत नाही. तशीच व्यवस्था तिने बसवली. डोमेनची नोंदणी आता पेढीच्या स्वतःच्या ईमेलवर आहे. रोजचे काम शिकाऊ मुलगा करतो, पण दर बदलला की तिच्या संमतीशिवाय तो पानावर चढत नाही. मुख्य परवलीचे शब्द एका मोहोरबंद लिफाफ्यात आहेत आणि लिफाफा अण्णांच्या कपाटात.

यंदाच्या वहीपूजनाला रोजमेळ आणि खतावणी यांच्या शेजारी एक नवी, लाल कापडी बांधणीची वही होती. पहिल्या पानावर नातीच्या अक्षरात चार रकाने: कशाचे नाव, कोणाकडे घेतले, कधी संपते, कोणी पाहिले. शेवटच्या रकान्यात तिने स्वतःची सही केली होती. अण्णांनी चष्मा लावून तारखा वाचल्या, मग पेन मागून घेतले आणि तिच्या सहीखाली आपली केली.